जुनें लांकूडसामान आणि आपली दृष्टि

दिवाळी जवळ आली म्हणजे घरोघरीं साफसफाई सुरू होते, आणि तिच्याबरोबर एक निवाडाही होतो. माळ्यावरचा, गच्चीवरचा व जिन्याखालचा संसार अंगणांत मांडला जातो. हें ठेवावें, तें काढावें, असे हुकूम सुटतात. आणि भंगारवाल्याची हातगाडी दारांतून निघते तेव्हां तिच्यावर एखादी तीन पायांची खुर्ची, दार निखळलेलें कपाट किंवा आजोबांच्या वेळचा चौरंग उताणा पडलेला असतो. थोड्याच दिवसांत घरीं नवें टेबल येतें. तें गुळगुळीत असतें, चकचकीत असतें, आणि त्याचे हप्तेही बांधून दिलेले असतात. या देवाणघेवाणींत आपण काय दिलें व काय घेतलें याचा हिशेब मात्र सहसा कोणी करीत नाहीं. तो हिशेब विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं एकदां एकत्र बसून करावा, एवढ्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

माझें म्हणणें थोडक्यांत असें. जुनें, मोडकें, दुसऱ्यानें वापरलेलें लांकूडसामान शोधून आणणें, तें दुरुस्त करणें व त्यास पुन्हां रूप देणें यास लोक एक तर गरिबाची काटकसर समजतात, नाहीं तर श्रीमंताचा शौक. माझ्या मतें ती चित्रकला व गायन यांच्या पंक्तीस बसणारी कला आहे, आणि वाढत्या वयाच्या मुलामुलींस ती जें शिकविते तें नुसत्या पुस्तकांतून शिकतां येणें कठीण आहे. या कलेचें मर्म एकच: हातीं आलेल्या वस्तूंतील काय राखावें व काय काढावें हें ओळखणें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. खुर्च्याटेबलांचा सुळसुळाट आपल्याकडे फार जुना नाहीं. महाराष्ट्रांतील सामान्य घरांत बसावयास पाट, पूजेस चौरंग, निजावयास बाज किंवा पलंग, कपड्यांस पेटारा, भिंतींत फडताळ, आणि ऐपत असल्यास माजघरांत झोपाळा, एवढेंच लांकूडसामान असे. खुर्ची, टेबल व बांक यांचा प्रसार मुख्यतः कचेऱ्या, शाळा, रुग्णालयें व उपाहारगृहें यांच्याबरोबर झाला. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या कारागिरांनीं परदेशी घाटाच्या खुर्च्यांवर व कोचांवर शिसवी लांकडांत इतकें दाट कोरीवकाम केलें कीं, तें 'बॉम्बे ब्लॅकवुड' या नांवानें परदेशांतही ओळखलें जाऊं लागलें. गोव्यांत पोर्तुगीज घाट व देशी कसब यांच्या मिश्रणांतून निराळीच शैली निर्माण झाली. तात्पर्य, जुनी खुर्ची ही एखाद्या घराची अडगळ असली, तरी परकी वस्तु येथील कारागिरांनीं आपलीशी कशी करून घेतली याचा ती पुरावाही असते.

असें सामान शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. मुंबईंत भेंडीबाजाराजवळ चोर बाजार आहे. जोगेश्वरीच्या बाजूस ओशिवऱ्यांत जुन्या फर्निचराचीं दुकानें आहेत. पुण्याचा जुना बाजार प्रसिद्धच आहे. लहान गांवीं सुताराच्या पडवींत, लांकडाच्या वखारींत किंवा पाडलेल्या वाड्याच्या सामानांत पुष्कळ माल पडून असतो. परंतु असा बाजार गिऱ्हाइकाची परीक्षा घेतो. रंगाच्या थराखालीं काय आहे हें सांगणारी चिठ्ठी तेथें कोणी चिकटविलेली नसते. डोळ्यांनीं, हातांनीं आणि नाकानेंही पाहण्याची संवय तेथें करावी लागते.

खुर्ची आधीं उलटी करून पाहावी. वरची बाजू लोकांस दाखविण्यासाठीं सजविलेली असते. खालची बाजू सहसा कोणी सजवीत नाहीं, म्हणून ती खरें बोलते. टेबलाचा खण पूर्ण बाहेर काढून त्याचे कोपरे पाहावे. पारव्याच्या शेपटीप्रमाणें टोंकाकडे रुंद होत गेलेल्या दांत्यांनीं दोन फळ्या एकमेकींत गुंतविलेल्या असल्या, आणि ते दांते अगदीं एकसारखे नसले, तर ते हातानें कापलेले आहेत असें बहुधा समजावें. खणाच्या तळावर बोटें फिरविलीं असतां रंध्याच्या उथळ लाटा हातास लागतात. वस्तु उचलून पाहावी: शिसवी लांकूड जड असतें, सागवानी त्यामानानें हलकें असून त्यास किंचित् तेलकट स्पर्श व स्वतःचा वास असतो. बारीक भोंकें दिसलीं तर लगेच घाबरूं नये. मात्र भोंकांतून ताजी, पिठासारखी भुकटी पडत असेल तर आंत किडा जिवंत आहे असें जाणून ती वस्तु घरांतील इतर सामानाजवळ आणूं नये. वाळवीनें पोखरलेलें लांकूड बोटानें ठोकल्यास पोकळ वाजतें. अशी तपासणी चारदोन वेळां केली म्हणजे मुलांस दुकानदाराच्या शब्दापेक्षां स्वतःच्या निरीक्षणावर विसंबण्याची संवय लागते. विज्ञानाच्या प्रयोगशाळेंत तरी आपण त्यांस याहून निराळें काय शिकवितों?

आतां जुन्या सामानाचा एक मोठा गुण पाहूं. चांगलें जुनें सामान दुरुस्त होऊं शकेल अशा बेतानें केलेलें असे. कसबी सुतार खुर्चीचा पाय व आडवी पट्टी नुसत्या खिळ्यांनीं ठोकून बसवीत नसे. एका लांकडास खांच पाडून व दुसऱ्यास त्या खांचेंत घट्ट बसणारी जीभ काढून तो तीं जोडी, आणि आंत सरस लावी. जनावरांचीं कातडीं व हाडें उकळून काढलेला हा सरस ऊन पाण्यानें व वाफेनें पुन्हां मऊ होतो. त्यामुळें पन्नास वर्षांनीं सांधा ढिला झाला, तरी तो न तोडतां उकलतां येतो, साफ करून पुन्हां जोडतां येतो. आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी सुतारासाठीं त्यानें जणूं दार उघडेंच ठेवलेलें असतें. लांकूडही तसेंच विचारानें निवडलेलें असे. सागाचें झाड चांगल्या कामायोग्य व्हावयास कित्येक दशकें लागतात. त्याच्या गाभ्यांतील नैसर्गिक द्रव्यांमुळें वाळवी व बुरशी त्यास सहजासहजीं लागत नाहींत; सालीलगतच्या फिकट लांकडास मात्र हा गुण नसतो, आणि जाणता सुतार तें टाळीत असे.

याच्या शेजारीं, लांकडाचा भुसा व कृत्रिम राळ दाबून केलेल्या फळ्यांचें आजचें स्वस्त सामान ठेवून पाहावें. त्याच्या कडेंतून पाणी शिरलें कीं तें फुगतें, आणि फुगलेलें पुन्हां बसत नाहीं. एकदां उपसलेला स्क्रू त्याच जागीं पुन्हां नीट धरत नाहीं. नव्या सामानास मी सरसकट नांवें ठेवीत नाहीं. भाड्याच्या लहान घरांत हलकें व स्वस्त सामान ही मोठी सोय आहे, आणि भुसा वायां न जातां उपयोगास येतो हेंही चांगलेंच. परंतु जी वस्तु धड उकलतांच येत नाहीं, ती मोडली म्हणजे टाकावी लागते. आणि टाकून देण्यास ना बुद्धि लागते, ना हात.

उकलतां येण्याजोगी वस्तु किती दूर जाऊं शकते हें एका खुर्चीवरून दिसतें, आणि ती मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाची आहे. ऱ्हाईन नदीकांठच्या बोपार्ड गांवीं १७९६ सालीं जन्मलेला मिखाएल टोनेट हा कारागीर पुढें व्हिएन्ना येथें जाऊन राहिला. त्यानें बीच वृक्षाच्या काठ्या वाफेवर मऊ करून लोखंडी सांच्यांत वांकविण्याची रीति सिद्ध केली, आणि १८५९ सालीं १४ क्रमांकाची म्हणून प्रसिद्ध असलेली खुर्ची बाजारांत आणली. तिचे लांकडी भाग अवघे सहा. ते जोडावयास दहा स्क्रू व दोन नट पुरत. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटर आकाराच्या पेटींत मावत. त्यामुळें ती आगबोटींतून देशोदेशीं गेली, आणि १९३० पर्यंत अशा सुमारें पांच कोटि खुर्च्या खपल्या असें सांगतात. याच जातीच्या, वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या मुंबईच्या इराणी उपाहारगृहांत पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या. त्यांपैकीं पुष्कळ उपाहारगृहें आतां बंद पडलीं आहेत. परंतु तशी एखादी खुर्ची जुन्या सामानांत अजून हातीं लागते. तिचे स्क्रू आवळतां येतात, मोडलेला भाग बदलतां येतो, आणि बैठकीचा वेत तुटला असल्यास तो पुन्हां विणून घेतां येतो.

लांकडाच्या अंगावरील लेपाची कथाही अशीच उद्बोधक आहे. आपण ज्यास पॉलिश म्हणतों त्यांतील जुना व मुख्य पदार्थ म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम इत्यादि झाडांच्या कोंवळ्या फांद्यांवर राहणारा एक बारीक किडा ती आपल्या अंगांतून स्रवतो. झारखंड व छत्तीसगड हे तिच्या उत्पादनाचे मोठे प्रदेश असून, रांचीजवळ नामकुम येथें १९२४ सालीं लाखेच्या संशोधनासाठीं संस्था स्थापन झाली. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच मिश्रणाच्या असत. शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपांत आणलेली लाख, म्हणजे चपडा, स्पिरिटांत विरघळवितात. सुती कापडांत कापूस गुंडाळून बोळा करतात, आणि तो एके जागीं न थांबवितां, हलक्या हातानें गोल गोल फिरवीत, पातळ थरांवर पातळ थर देतात. नव्या थरांतील स्पिरिट खालच्या थरास किंचित् विरघळवितें आणि दोन्हीं थर एकजीव होतात. म्हणून लाखेचें पॉलिश मलूल झालें तर तें सगळें खरवडण्याची गरज बहुधा पडत नाहीं. मळ काढून वर नवे थर दिले कीं पुरतें. जुना लेप लाखेचा आहे कीं दुसरा कांहीं, हें कळण्यासाठीं आडबाजूस स्पिरिटाचा बोळा थोडा घांसून पाहावा. पृष्ठभाग चिकट होऊन बोळ्यास रंग लागला तर तो लाखेचा समजावा. हें काम पावसाळ्यांत करूं नये. दमट हवेंत थरावर पांढुरकी छटा येते. कोंकणांतील विद्यार्थ्यांनीं तर हें विशेष ध्यानांत ठेवावें.

येथवर कौशल्याचें झालें. खरी परीक्षा यापुढें आहे. हातांत कांचकागद आला म्हणजे नवशिक्यास सगळेंच घांसून टाकावेसें वाटतें. ओरखडे, डाग, झिजलेले कोपरे, सारें सपाट करून वस्तु नव्यासारखी करण्याचा मोह होतो. माझ्या मतें तो मोह आवरण्यापासूनच या कलेस आरंभ होतो. खुर्चीच्या हातावर जेथें माणसांचे तळवे वर्षानुवर्षें टेकले, तेथें लांकडास जी गोलाई व चकाकी आलेली असते ती कोणत्याही पॉलिशानें देतां येत नाहीं. आणि एकदां घांसून काढली कीं परतही आणतां येत नाहीं. ऊन पेल्याखालीं उमटलेलें पांढरें वर्तुळ पुसावें. तें निष्काळजीपणाचें चिन्ह आहे. पण शिवणयंत्राच्या टेबलावर जेथें कोणा माउलीचें मनगट रोज टेकत असे, तेथील झीज राखावी. ती श्रमाची खूण आहे. ढिला सांधा घट्ट करावा, कारण खुर्ची बसण्यासाठीं आहे. परंतु जुन्या सुताराचे असमान दांते तासून सरळ करूं नयेत. असें प्रत्येक डागापाशीं थांबावें लागतें, आणि तेथें काय केलें यावरून करणाराची रुचि व विवेक दिसून येतात. कोऱ्या कागदावर चित्र काढणारा आपल्या मनाचा राजा असतो. जुनी खुर्ची सुधारणाऱ्यास मात्र एका अनोळखी कारागिराशीं, व तींत बसून गेलेल्या अनेकांशीं जमवून घ्यावें लागतें.

इमारतींच्या बाबतींत हाच वाद इंग्लंडांत झाला होता. जुन्या चर्चांचे दगड खरवडून त्यांस कोरें करकरीत रूप देण्याची टूम तेथें निघाली, तेव्हां विल्यम मॉरिस यानें व त्याच्या स्नेह्यांनीं १८७७ सालीं प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठीं एक संस्था काढली. तिचा विरोध इतका प्रसिद्ध झाला कीं 'खरवडविरोधी' अशा अर्थाचें टोपणनांवच तिला पडलें. मॉरिस हा कवि होता, तसाच कापड व भिंतींवरचे कागद यांचा नामांकित कलावंत होता. हातानें काम करणाऱ्या माणसासच जुन्या हातांची कदर वाटावी हें स्वाभाविक आहे.

आपल्या शाळांतील बांकांचें उदाहरण घेऊं. जुन्या बांकांवर विद्यार्थ्यांनीं कोरलेलीं नांवें असतात. आज कोणी बांकावर नांव कोरील तर त्यास शिक्षा व्हावी, यांत दुमत नाहीं. पण साठ वर्षांपूर्वीं कोरलेलें नांव असलेला बांक दुरुस्तीस आला, तर तें नांव रंध्यानें उडवावें काय? मी म्हणेन, उडवूं नये. दोष त्या मुलाचा होता, आणि त्याबद्दल त्यानें त्या वेळींच छडी खाल्ली असेल. आतां तें नांव बांकाचें झालें आहे. फार तर त्याच्या कडा घांसून घ्याव्या, म्हणजे आज तेथें बसणाऱ्याच्या सदऱ्यास कुसळ लागणार नाहीं. माझ्या या मताशीं कांहीं शिक्षक सहमत होणार नाहींत; परंतु अशा मतभेदास जागा आहे हेंच या कलेचें भूषण होय.

पाहणारी दृष्टि नसली म्हणजे काय घडतें, याचा दाखला आपल्याच देशांत आहे. १९५० नंतरच्या वर्षांत चंडीगड शहर उभें राहत होतें. तेव्हां ल कॉर्बूझिए या वास्तुशिल्पज्ञाचा चुलतभाऊ व सहकारी पिएर जानेरे याच्या देखरेखीखालीं तेथील कचेऱ्या व विद्यापीठ यांसाठीं सागवान व वेत यांच्या साध्या, मजबूत खुर्च्या देशी कारागिरांकडून करविल्या गेल्या. पुढें त्या जुन्या झाल्या, मोडकळीस आल्या, गच्च्यांवर व आवारांत त्यांचे ढीग लागले, आणि निरुपयोगी सामान म्हणून त्या लिलावांत स्वस्तांत निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनीं त्या उचलल्या, सुधारल्या, आणि युरोप-अमेरिकेंतील लिलावांत त्यांस लाखों रुपये किंमत आली. तेव्हां कोठें आपण जागे झालों, आणि २०११ सालीं केंद्रीय गृहमंत्रालयानें या वारशाच्या विक्रीस व निर्यातीस मनाई केली. घरांतील प्रत्येक जुन्या खुर्चीस लाखाचें मोल येईल असा याचा अर्थ कोणी करूं नये. बहुतेकींस येणार नाहीं. गच्चीवर पडलेली असतांनाही ती खुर्ची तितकीच चांगली होती. दुसऱ्यानें किंमत लावीपर्यंत आपणांस तें दिसलें नाहीं, एवढेंच. ज्यांस वस्तूचें मोल तिच्या चिठ्ठीवरच वाचतां येतें, त्यांची मुलें माणसांचें मोल तरी कशावरून करतील?

आतां आक्षेपांकडे वळूं. दुसऱ्यानें वापरलेली वस्तु घरांत कशी आणावी, असें कित्येकांस वाटतें. परंतु आपण जुन्या घरांत राहतों, आजीच्या पाटल्या लग्नांत मिरवितों, जुनीं पुस्तकें अर्ध्या किंमतींत घेऊन परीक्षा उतरतों. मग खुर्चीसच विटाळ कसला? दुसरा आक्षेप वेळेचा. एक स्टूल नीट करावयास सुटींतले आठदहा दिवस, रोज तासभर, पुरे होतात. मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकविण्यांत जातो त्याहून हा वेळ अधिक नाहीं, आणि शेवटीं बसावयास स्टूल मिळतें. तिसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे: यानें सुताराच्या पोटावर पाय येणार नाहीं काय? माझ्या मतें येणार नाहीं. अवघड सांधा, वेताचें विणकाम, कोरीवकाम यांसाठीं कारागिराकडेच जावें लागतें. पण ज्या मुलानें एका स्टुलाचे चार पाय घांसतांना स्वतःच्या बोटांस फोड आणले, तो पुढें सुताराची मजुरी ठरवितांना घासाघीस करण्यापूर्वीं अडखळेल. टाकून दिलेल्या खुर्चीनें सुताराचें पोट भरत नाहीं. दुरुस्तीस नेलेल्या खुर्चीनें भरतें.

येथेंच या विषयाचें गांभीर्य आहे. आपल्या समाजानें पिढ्यान्‌पिढ्या लेखणीस मान दिला आणि रंध्यास हीन लेखिलें. एका जातीच्या हातीं पोथी व दुसरीच्या हातीं पटाशी अशी वांटणी केली. त्या वांटणीनें डोक्यास हात मिळाले नाहींत, आणि हातांस अक्षर व मान मिळाला नाहीं. हा अन्याय नुसत्या व्याख्यानांनीं जात नाहीं. शिक्षणांत हस्तकामास स्थान मिळावें म्हणून थोरांनीं यत्न केले आहेत. ऊनो सिग्नेयस याच्या प्रयत्नानें १८६६ सालीं फिनलंडच्या प्राथमिक शाळांत हस्तकाम आलें. पुढें स्वीडनांत ओट्टो सालोमन यानें त्यासाठीं शिक्षक तयार केले. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना मांडली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें तिचा आराखडा केला. त्या योजनेचें पुढें काय झालें हा निराळा विषय आहे. परंतु तिचा गाभा, म्हणजे हात चालला असतां बुद्धिही चालते, हा एका मोडक्या खुर्चीवर कोणासही पडताळून पाहतां येईल. आणि त्यासाठीं सरकारी मंजुरी लागत नाहीं.

पालकांस चार सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. जुन्या तैलरंगांत शिसें असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावें असा नियम आपल्याकडे २०१६ सालीं झाला व २०१७ पासून तो लागू झाला. त्यापूर्वींच्या रंगाचा भरंवसा धरूं नये. म्हणून जुना रंग लावलेली वस्तु मुलांस घांसावयास देऊं नये; त्यांच्यासाठीं बिनरंगी किंवा लाखेचें पॉलिश असलेली वस्तु निवडावी. घांसण्याचें काम मोकळ्या हवेंत, नाकातोंडास फडकें किंवा मुखपट्टी बांधून करावें. स्पिरिटाजवळ दिवा, उदबत्ती किंवा शेगडी नसावी. आणि जवसाचें तेल वापरल्यास तेलानें भिजलेलीं फडकीं चुरगाळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. हवेशीं संयोग होऊन तीं आपोआप तापतात व पेट घेऊं शकतात. तीं उघड्यावर एकेकटीं पसरून वाळवावीं.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठीं, आणि ती सचोटीची आहे. नव्या लांकडास खोटीं भोंकें पाडून, काळा रंग फांसून, जुनें म्हणून विकणारे लोक बाजारांत असतात. आपण त्यांच्या वाटेस जाऊं नये. भेग बुजविली असली तर बुजविली म्हणून सांगावें. नवा पाय बसविला असला तर तो जुना भासविण्याची धडपड करूं नये. चांगली दुरुस्ती दिसली म्हणून वस्तूस कमीपणा येत नाहीं.

असो. लेख वाचून कोणी लगेच कोरीव पलंग विकत घ्यावयास धांवूं नये. पालकांस माझी विनंति एवढीच कीं, यंदा अडगळ काढतांना एक वस्तु हातगाडीवर न घालतां मुलांच्या स्वाधीन करावी. एखादा पाट, चौरंग किंवा स्टूल पुरे. सुताराकडे मुलांस घेऊन जावें, त्यास मानानें 'मामा' किंवा 'काका' म्हणूं द्यावें, आणि सांधा कसा उकलतो हें त्याच्याच तोंडून ऐकूं द्यावें. पहिले दोन दिवस मुलांनीं कांहीं करूं नये. नुसतें पाहावें, आणि काय राखावयाचें व काय काढावयाचें याची यादी करावी. मग खरखरीत कांचकागदापासून बारीक कागदापर्यंत, लांकडाच्या रेषांच्या दिशेनें, धीरानें काम करावें. वस्तु पुरी झाली म्हणजे ती कपाटांत जपून न ठेवतां वापरावी.

शेवटीं ती उलटी करून खालच्या बाजूस, कोणास सहज दिसणार नाहीं अशा ठिकाणीं, पेन्सिलीनें आपलें नांव, दुरुस्तीचें साल आणि काय काय बदललें हें बारीक अक्षरांत लिहावें. पन्नास वर्षांनीं कोणी तरी ती वस्तु जुन्या बाजारांत उलटी करून पाहील. त्यास तें उपयोगी पडेल.